सांगता येत नाही

"चपला बाहेरच राहू देत," नेसरीकर सर सोप्यातून ओरडले. "सगळे आत आणतात, कुत्रं नेतं म्हणून. आमचं कुत्रं मरून वर्ष झालं."

दारातल्या माणसानं एक चप्पल हातात घेतलीच होती. ती त्यानं परत खाली ठेवली, दोन्ही जोडीनं नीट लावल्या आणि आत आला. तिशी ओलांडलेला, अंगानं बारीक, शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकला.

"मी निवास चौगुले. महागावचा. बी-बियाणांच्या दुकानात असतो."

"दिसतंय की," सर म्हणाले.

खरं तर सरांना फारसं काही दिसत नव्हतं. म्हणून तर त्याला बोलावलं होतं.

आमचा एक ग्रुप आहे, 'साप दिसला?' नावाचा. तेव्हा तो फेसबुकवर होता. घरात, गोठ्यात, शेतात साप निघाला की लोक लांबून फोटो काढून तिथं टाकायचे, आणि विषारी की बिनविषारी हे आम्ही सांगायचो. आम्ही म्हणजे मॉडरेटर. सरांनी एक नियम घालून दिला होता आणि त्यात इकडचं तिकडे चालायचं नाही. फोटो आला की त्याखाली कुणालाही काही लिहिता येणार नाही. आधी मॉडरेटर उत्तर देणार, मगच बाकीच्यांनी काय हळहळायचं ते हळहळावं. 'बिनविषारी' हा शब्द मॉडरेटरशिवाय कुणी लिहिला, तर त्या माणसाला ग्रुपबाहेर काढायचं. मग तो सरांचा सख्खा जावई का असेना. आणि जावयाला एकदा खरंच काढलं होतं. दिवाळीला तो आला नाही. काकू महिनाभर सरांशी धड बोलल्या नाहीत.

पगार नाही, मानधन नाही. मॉडरेटर तिघेच: सर, रियाज आणि मी. सर गडहिंग्लजच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. रियाज नोकरीसाठी दुबईला गेला, आणि इथला दिवस न् तिथली ड्युटी यांचं काही जमेना. सरांच्या डोळ्यांच्या पडद्यावर साखरेनं घाव घातला. मिरजेच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता आहे तेवढं जपा. उरले मी. आणि भाताच्या पेरण्या तोंडावर आलेल्या. एकदा पेरण्या सुरू झाल्या की फोटोंचा नुसता धुरळा उडतो. मी एकटी दुकान बघू की साप बघू? एक तरी माणूस हवाच होता. नाही तर सर म्हणत होते, ग्रुपला कुलूप लावू. उत्तर वेळेत मिळत नसेल, तर लोकांना आशेवर ठेवायचं नाही.

"जाहिरात दे," ते मला म्हणाले होते. मी दिली. अर्जांचा ढीग पडला. अर्जदारांतले निम्मे गळ्यात नाग घालून उभे. एकानं तर धामण डोक्याला फेट्यासारखी गुंडाळली होती. असले अर्ज सर वाचायचेच नाहीत. "ह्याला साप नको, आरसा हवाय," म्हणायचे. उरलेल्यांना मी अवेळी फोन करून बघायचे. उचलतो का, उचलला तर खेकसतो का. मग त्यांच्या गावात चौकशी. मग सरांकडे चहा. चहावर सर सापाचं नावही काढत नसत; पावसापाण्याचं, भुईमुगाचं बोलायचे आणि समोरचा माणूस दुसऱ्याचं ऐकून घेतो का तेवढं बघायचे. ज्याला सरांचं वाक्य पुरं होईपर्यंत धीर धरवत नाही, त्याला बिस्किट देऊन वाटेला लावायचं. आणि सगळ्यात शेवटी परीक्षा. लॅपटॉपवर फोटो दाखवायचे, साप ओळखायचा.

चौगुले सगळ्यातून पार पडत आला होता. जेवायच्या वेळी फोन केला, पहाटे केला. दोन्ही वेळा पहिल्या रिंगला उचलला. महागावात त्याच्या मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "निवास व्हय? तो झोपतो तरी कधी, हे आम्हाला अजून कळलेलं नाही बघा. पण माणूस लाखातला."

मी ते सगळं सरांना जसंच्या तसं सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. निवास चौगुले हे नाव मला आधीपासून माहीत होतं.

आता आधी माझं सांगते. मी वैजयंती डोंगरे, आजऱ्याची. बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. मालक, म्हणजे आमचे हे, तानाजी, लग्नाच्या ऑर्डरी करायचे आणि मी दुकानात बसायची. ह्या चहाच्या काही वर्षं आधीची गोष्ट. जमिनीवर अंथरूण घालून आम्ही झोपलो होतो. पहाटे मालकांना दंडाला मुंगी चावल्यासारखं झालं म्हणून ते उठले, तर उशाला साप. काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याचं डोकं उशीखाली गेलेलं आणि शेपूट वाकळीच्या घडीत. मी मोबाईलवर फोटो काढला. मालकांनी केरसुणीनं त्याला ढकललं, तर मोरीतून निघून गेला. दंडावर दोन बारीक ठिपके. सूज नाही, आग नाही, दुखणं नाही. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, आधी विचार तरी.

तेव्हा तालुक्याचा एक ग्रुप होता. विहिरीला पाणी कुठं लागेल इथपासून मुलीला स्थळ आहे का इथपर्यंत सगळं त्यावर चालायचं. त्याला ना आगा ना पिछा, राखणारं कुणी नाही. मी त्यावर फोटो टाकला. लगेच उत्तर आलं.

'कवड्या आहे. बिनविषारी. शंभर टक्के. घाबरू नका, निवांत झोपा.'

खाली नाव, निवास चौगुले. त्यावर बऱ्याच जणांनी अंगठे उठवले. मालक निवांत झोपले. उजाडलं तेव्हा त्यांच्या पापण्या उघडत नव्हत्या. गडहिंग्लजचा दवाखाना यायच्या आधीच गाडीत संपले. डॉक्टर म्हणाले, मण्यार. मण्यार चावलेली कळतच नाही, दुखत नाही, तिथंच माणूस फसतो. दुपारी मी फोन बघितला, तर ती कमेंट नाहीशी झालेली. त्यानं पुसली की आणखी कुणी, कळायला मार्ग नव्हता.

मी रडले नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, होईल मोकळी. दहाव्याला म्हणाल्या, रड की गं बाई. वर्षश्राद्धाला म्हणाल्या, दगड आहे. पुढं पुढं मलाही ते पटायला लागलं. जेवत होते, झोपत होते, पासपोर्ट साइज फोटो काढत होते, 'हनुवटी खाली, मान सरळ' म्हणत होते. जीव मात्र कशातच नव्हता. दुःख झालं असतं तर निदान काहीतरी होतंय असं तरी वाटलं असतं.

नेसरीकर सरांकडे मी आपण होऊन गेले होते. म्हटलं, मला साप शिकवा. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, तो फोटो दाखवला. त्यांनी तो भिंगातून बराच वेळ बघितला. तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते.

"वैजू, ह्या फोटोवरून सांगता येत नाही," ते म्हणाले. "मण्यारीचे पट्टे शेपटीकडं ठळक आणि मानेकडं विरत जातात. कवड्याचं उलटं. ह्यात ना मान दिसते ना शेपूट. नुसतं मधलं अंग, तेही हललेलं. हा फोटो बघून जो कुणी छातीठोक नाव सांगेल, तो गाढव आहे."

मग मीच म्हटलं, हा फोटो परीक्षेला ठेवा.

तेव्हापासून तो आमचा शेवटचा प्रश्न झाला. बरोबर उत्तर एकच: 'सांगता येत नाही. चावला असेल तर मण्यार समजून लगेच दवाखान्यात न्या.' भलेभले तिथं आपटायचे. इतके फोटो बरोबर ओळखल्यावर शेवटाला 'सांगता येत नाही' म्हणायला माणसाची जीभ वळत नाही. मी समोर बसलेली असायची. कुणी 'कवड्या' म्हणालं तरी मला काही वाटायचं नाही, 'मण्यार' म्हणालं तरी नाही. मी आपली 'धन्यवाद, कळवतो' म्हणायची.

अर्जांत निवास चौगुले हे नाव वाचलं तेव्हाही काही वाटलं नाही. राग यायला हवा होता. मी वाटही बघितली, म्हटलं येईल आता. दुकानाचं शटर ओढलं, घरी गेले, भाकरी केली, खाल्ली. नाही आला. एवढंच ठरवलं, की याला शेवटच्या फोटोपर्यंत येऊ द्यायचं. तो फोटो बघून हा माणूस पुन्हा काय म्हणतो, ते मला ऐकायचं होतं. पुन्हा 'कवड्या, शंभर टक्के' म्हणाला असता, तर मी काय केलं असतं? आजही माहीत नाही. पण मला ते ऐकायचंच होतं.

आणि सरांना मॉडरेटर हवा होता. दोघंही आपापल्या कारणानं त्या माणसाच्या तोंडाकडं बघत बसलो होतो.

काकूंनी चहा आणला. सरांनी भुईमूग काढला. यंदा कुठलं वाण चांगलं, हुमणीची कीड लागते का. चौगुले विचारलं तेवढंच बोलत होता. सर बोलायला लागले की कप खाली ठेवायचा. सरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलेलं मला दिसत होतं.

"बिस्किट घे."

"नको सर."

"घे रे. बिस्किट घेतलं म्हणजे नापास असं काही नाही."

तो हसला नाही. बिस्किट घेतलं आणि बशीत ठेवून दिलं.

मी लॅपटॉप त्याच्याकडं वळवला. "मी फोटो दाखवीन, तुम्ही सांगायचं. सर ऐकतील. घाई नाही."

"चालेल ताई."

पहिला नाग. फणा काढलेला, शेंबडं पोरही ओळखेल असा. "नाग. विषारी." मग घोणस. "घोणस. विषारी. लोक अजगराचं पिल्लू समजून हातात घेतात." मग दिवड, गवत्या, तस्कर. तो शांतपणे सांगत होता. एका ठिकाणी धामणीचा फोटो होता, पण नुसती शेपटी. तिथं तो थांबला. "धामण वाटते. पण वाटते एवढंच. दुसरा फोटो मागवीन."

सरांनी माझ्या दिशेला मान वळवून भुवया उडवल्या. म्हणजे, मिळाला माणूस.

मग कवड्याचा स्वच्छ फोटो आला, मानेकडले पट्टे ठळक. तिथं त्यानं खूप वेळ लावला. डोळे बारीक केले, फोटो मोठा करून बघितला, मागं टेकला, परत पुढं झाला.

"कवड्या," तो म्हणाला. आवाज अगदी बसला होता. "बिनविषारी. पण चावला असला तर दवाखान्यात जाच म्हणून सांगेन."

"बिनविषारी असून?" सर.

"हो सर. जाऊन आलेलं बरं."

"शाब्बास," सर म्हणाले. रियाजला किंवा मला त्यांनी कधी शाब्बास म्हटलेलं नव्हतं.

मी शेवटचा फोटो उघडला.

मी त्याच्याकडं बघत होते, फोटोकडं नाही. फोटो मला पाठ होता. आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, हिरव्यावर जांभळं. मध्ये इस्त्रीनं जळालं होतं तिथं मी लावलेलं लाल तिकोनी ठिगळ. त्या ठिगळावरून गेलेलं काळं अंग आणि त्यावरचे पांढरे पट्टे.

त्यानं फोटो मोठा केला नाही. डोळे बारीक केले नाहीत. बघितलं आणि हात मांडीवर ठेवले.

"मण्यार," तो म्हणाला.

सरांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. रागानं नाही, हळहळीनं. "अरेरे! चुकलं बघ. इतकं झकास चाललं होतं तुझं. कशावरून म्हणतोस मण्यार? मान दिसते?"

"नाही सर."

"शेपूट?"

"नाही."

"मग? जे दिसत नाही ते सांगायचं नाही, हाच आमचा पहिला धडा. धामणीच्या वेळी कसा थांबलास, तसं इथं थांबायला काय झालं?"

"फोटोवरून सांगता येत नाही हे कळतं मला सर."

"कळतं? मग मण्यार का म्हणालास?"

"मण्यारच होती म्हणून."

फोटो कुठला ते फक्त सरांना आणि मला माहीत होतं. आत काकूंनी मिक्सर लावला आणि बंद केला.

"कशावरून?" मी विचारलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता. 'हनुवटी खाली' म्हणते तसा.

"वाकळीवरून," तो म्हणाला. "ह्या ठिगळावरून. हा फोटो मी विसरणार नाही ताई."

तो बोलत राहिला, फोटोकडं बघत.

"आजऱ्याचा फोटो आहे. कुणी डोंगरे म्हणून होते. मी कवड्या सांगितलं होतं. पुस्तकात बघून मला नवीन नवीन कळायला लागलं होतं. कुणी विचारायच्या आत उत्तर द्यायची हौस होती. सकाळी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, डोंगरे गेले. मी गाडी काढून गडहिंग्लजला दवाखान्यात गेलो. फाटकापाशी माणसं उभी होती. आत जायचं धाडस झालं नाही. परत आलो आणि कमेंट पुसली. मला वाटलं... काय वाटलं ते काही सांगण्यासारखं नाही."

"मग आज इथं 'सांगता येत नाही' म्हणाला असतात, तर पास झाला असतात," मी म्हटलं.

"हो."

"माहीत होतं?"

"धामणीच्या वेळी सरांनी भुवया उडवल्या तेव्हाच कळलं होतं. पण हा फोटो आल्यावर मला दुसरं काही बोलता येईना. तेव्हा म्हणायला हवं होतं ते आज तरी म्हणू दे."

सरांनी घसा खाकरला. त्यांना आता सगळं कळलं होतं, आणि माझं काय होत असेल ते कळत नव्हतं. नाही तरी माझा चेहरा त्यांना एका धूसर ठिपक्यासारखाच दिसायचा.

"मी वैजयंती डोंगरे," मी म्हटलं.

तो वळला. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. ग्रुपवर मी नुसती 'वैजूताई' होते. त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला मी बघितला. फोटोत चेहरा असा पांढरा पडला, तर आम्ही प्रकाश कमी करतो.

"ते ठिगळ मी लावलंय," मी म्हटलं. "आणि तुमची कमेंट मी मोठ्यानं वाचून दाखवली त्यांना. मालक हसले. म्हणाले, बघ, उगाच जीव घाबरा करून घेतलास. आणि कुशीवर वळले."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, सरांनाही नाही. सांगितल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. शब्द तोंडातून बाहेर पडले, एवढंच.

कोणीतरी हुंदका दिला. दाबून, पण सोप्यात ऐकू यावा एवढा.

सर हात पुढं करून माझी खुर्ची चाचपायला लागले. "वैजू, रडू नको गं."

"मी नाही सर," मी म्हटलं.

त्यांनी हात मागं घेतला.

मग सर म्हणाले, "आमच्यात एकमतानं ठरतं. पण आज मी मत देणार नाही. वैजू, तू म्हणशील तसं. तुला घ्यायचं तर घे, नाही तर ग्रुपला कुलूप लावू. मी काही म्हणणार नाही."

माझ्यापुढं तो फोटो उघडाच होता. मी तिकडं बघून विचार केला, की सूड घ्यावासा वाटतोय का? नाही. दया येते का? तीही नाही. मग उरतं काय? नियम उरतो. नियमाला काही वाटावं लागत नाही, त्याचा मला त्या दिवशी आधार झाला.

"नापास," मी म्हटलं. "जे फोटोत दिसत नव्हतं ते तुम्ही सांगितलंत. खरं असलं तरी."

"बरोबर आहे," तो म्हणाला. उठला, सरांच्या पायाला हात लावला. माझ्यापुढं हात जोडले, पण वर बघितलं नाही. बाहेर जाऊन चपला घातल्या आणि चालायला लागला.

बशीत त्याचं बिस्किट तसंच होतं. ते बघून मला एकदम चीड आली. बारीकशीच. एवढं धड खाता येत नाही का माणसाला? ती चीड हातातून निसटायच्या आत मी उठले आणि बाहेर गेले.

"अहो चौगुले!"

तो अंगणाच्या तोंडाशी थांबला.

"तुम्ही सरांच्या चपला घातल्यात."

त्यानं खाली बघितलं. परत आला, बदलल्या. वाकलेलाच असताना मी विचारलं, "रात्री झोपत का नाही तुम्ही?"

"झोपतो की. फोन जवळ असतो."

"कुणाचा फोन यायचा असतो?"

"कुणाचा नाही," तो म्हणाला.

मनात आधीपासून काही ठरवलेलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. आमच्या ग्रुपमध्ये एक काम होतं आणि त्याला कुणीच तयार नसायचं. विषारी असं उत्तर दिलं की आमचं काम संपायचं. पुढं त्या घरात गाडी मिळाली का, माणूस दवाखान्यात पोचला का, का कुणी मांत्रिकाकडं घेऊन गेलं, हे बघायला माणूसच नव्हता. पाच-सहा वेळा तर उत्तर बरोबर असूनही माणूस हातचा गेला होता.

"सापाचं नाव तोंडातून काढायचं नाही," मी म्हटलं. "आयुष्यात कधी नाही. विषारी म्हणायचं नाही, बिनविषारी म्हणायचं नाही. कुणी कितीही विचारलं तरी. ते मी बघेन, एकटी तर एकटी. तुम्ही फक्त फोन करायचा आणि माणूस दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत फोन सोडायचा नाही. जमेल?"

त्यानं मान हलवली. पटकन नाही. आधी नीट ऐकून घेतलं, मग हलवली.

आत आल्यावर सर म्हणाले, "नापास करून परत आपल्यात घेतलंस की काय त्याला?"

"हो सर."

"असला नियम आपल्यात नाही."

"घाला मग," मी म्हटलं.

पेरण्या सुरू झाल्या. चौगुलेनं पहिला फोन केला त्या दिवशी मीही त्या कॉलवर होते. पहिल्या खेपेला त्याला एकटं सोडायचं नाही असं सरांनी बजावलं होतं. चंदगडकडच्या एका वाडीतून सकाळच्या वेळी फोटो आला होता. सरपण काढताना म्हाताऱ्याला चावलेला. चांगला स्वच्छ फोटो, मान दिसत होती, शेपूट दिसत होती. मी लिहिलं, 'मण्यार. विषारी. लगेच दवाखान्यात न्या.' आणि घरचा नंबर चौगुलेला दिला.

फोन म्हातारीनं उचलला. "आरं, त्यांना काय बी झालं न्हाई. दुखत बी न्हाई. पडल्यात जरा, डोळा लागलाय."

मी दुकानाच्या काउंटरला धरून उभी होते. समोर एक गिऱ्हाईक फोटोसाठी भांग पाडत होतं.

"काकी," चौगुले म्हणाला, "त्यांना उठवा. झोपू देऊ नका."

"अरं पर निवांत हाईत..."

"निवांत नाहीत काकी. उठवा त्यांना. मी फोन ठेवणार नाही. गाडी कुणाकडं आहे वाडीत? हाक मारा. माझ्यादेखत मारा, मला ऐकू येऊ दे."

म्हातारीनं हाक मारली. मग कुणीतरी आलं, मग गाडी चालू झाल्याचा आवाज. चौगुले बोलतच होता. आता कुठवर आला? नाक्यावर? डोळे उघडे आहेत का त्यांचे? त्यांच्याशी बोला, काकी, लग्न कधी झालं तुमचं ते विचारा त्यांना. म्हातारी रस्ताभर नवऱ्याला आपल्या लग्नाचं विचारत गेली. तो अडखळत काहीतरी सांगत होता, म्हातारी मध्येच, "खोटं बोलताय, तुमच्या मामानं मोडता घातला व्हता," म्हणून त्याला दटावत होती. फोनमध्ये चौगुलेचा श्वास ऐकू येत होता. मग डॉक्टरांचा आवाज आला, स्ट्रेचरचा आला आणि तिकडचा फोन बंद झाला.

"ठेवा आता," मी चौगुलेला म्हटलं.

"तुम्ही ठेवा ताई आधी," तो म्हणाला.

संध्याकाळी दवाखान्यातून कळलं, औषध वेळेत पोचलं. म्हातारा चहा मागतोय.

मी शटर ओढून घरी आले. पेटीतली वाकळ काढली. त्या दिवसापासून ती तशीच घडी घातलेली होती, ना कुणाला दिली ना टाकून दिली. अंथरली. ठिगळावर बसले. आणि मग रडू आलं. नीट रडू येत नव्हतं आधी, सवय नव्हती. घशातून भलताच आवाज निघाला. मग मात्र आवरेना.

शेजारची अक्काताई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. दारातच थबकली. मला रडताना तिनं कधी बघितलंच नव्हतं.

"अगं बाई! कोण गेलं गं?"

"कुणी नाही अक्का," मी म्हटलं. "एक म्हातारा वाचलाय."